आखाडाआधी कोंबडा निवडा

तुमच्या परसात दहा-बारा गावठी कोंबड्या असतील तर जरा आठवून पाहा. गेल्या वर्षी खुराड्यातलं सर्वांत दणकट कोंबडं कुठं गेलं? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं. आखाडात कापलं, जत्रेला देवाला दिलं, पाहुणे आले म्हणून सोललं, नाहीतर दारावर आलेल्या व्यापाऱ्यानं हातात तोलून नेलं. व्यापारी मरतुकडं कधी उचलत नाही. मग मागं राहतं ते कुणालाच नको असलेलं. तेच पुढच्या साऱ्या पिल्लांचा बाप होतं. खोंड राखताना आपण त्याच्या आईचं दूध आठवतो, कोंबड्याच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षे उलटी निवड चालू आहे.

नुसती अंडी खायची-विकायची असतील तर कोंबडा नसला तरी चालतो. कोंबडी त्याच्यावाचूनही अंडी देते, आणि अशी अंडी उन्हाळ्यात जास्त दिवस टिकतात. पण पिल्ले काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा हवा. एखादी कोंबडी कमअस्सल निघाली तर तिची तेवढी पिल्ले बिघडतात. कोंबडा तसा असेल तर सगळीच. एक दोष मात्र त्याच्या माथी मारू नका. यंदा सारे नरच निघाले म्हणून काही घरांत कोंबड्याला नावं ठेवतात. पक्ष्यांत नर की मादी हे कोंबडीकडून ठरतं.

निवड करायची ती आईपासून. कोंबडा स्वतः अंडी देत नाही, पण आईचा अंडी देण्याचा गुण तो आपल्या तलंगांना देतो. तेव्हा खुराड्यातली अशी कोंबडी हेरा, जी अंडी जास्त देते, खुडूक झाल्यावर नीट बसते आणि जिची पिल्ले घार-मुंगसाच्या तावडीतून वाचून मोठी होतात. दहा पिल्ले काढून दोन जगवणारीपेक्षा सात काढून सहा जगवणारी केव्हाही बरी. तिच्या अंड्यांवर कोळशाने खूण करा आणि ती एकत्र उबवणीला ठेवा. पिल्ले निघाली की पायात रंगीत दोरा बांधा. पाय जाड होत जातो, म्हणून दोरा अधूनमधून सैल करायला विसरू नका.

तीन महिन्यांच्या सुमारास त्या नरांपैकी चांगले दोन-तीन बाजूला काढा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, हे कापायचे नाहीत. शेवटची निवड पाच-सहा महिन्यांनी. कोंबडा हातात घ्या. छातीचं हाड सरळ आहे का, पायाची बोटं वाकडी नाहीत ना, डोळे स्वच्छ आहेत का, शेपटीखाली विष्ठा चिकटलेली नाही ना, हे पाहा. तुरा लालभडक असावा. निव्वळ वजनावर भुलू नका. फार जड कोंबडा तलंगांना पेलत नाही आणि घार आली तर पळतही नाही. रंगाची आवड ज्याची त्याची.

स्वभावाकडे लक्ष द्या. दाणा दिसला की ‘कुक् कुक्’ करून कोंबड्यांना बोलावणारा, आभाळात घार दिसली की आधी ओरडणारा कोंबडा राखण्याजोगा. लेकरांच्या अंगावर धावणारा, डोळ्याजवळ चोच मारणारा कितीही देखणा असला तरी आखाडाला तोच काढा, कारण हा खोडसाळपणा पुढच्या पिढीतही उतरू शकतो.

आता खरी अडचण. असा निवडलेला कोंबडा स्वतःच्याच खुराड्यात ठेवला तर तो आईला आणि बहिणींनाच लागतो. असं दोन-तीन पिढ्या चाललं की अंडी वांझोटी निघतात, पिल्लांत दम राहत नाही. म्हणून तुमचा कोंबडा दुसऱ्या गावातल्या ओळखीच्या घरी द्या आणि त्यांचा तसाच निवडलेला आणा. बहिणीचं सासर याला उत्तम. दर दीड-दोन वर्षांनी हा बदल करावा. बाजारातला कोंबडा आणाल तर त्याची आई माहीत नसते, शिवाय मानमोडी (राणीखेत) सोबत यायची भीती. नवा कोंबडा कुठूनही आणा, तीन-चार आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवा, आणि तुमच्या कोंबड्यांना लस आधीच दिलेली असू द्या. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा पोल्ट्रीवाल्यांबरोबर परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या.

गिरिराज, वनराज यांचे कोंबडे गावठीवर सोडायची हौस अनेकांना असते. पिल्ले वजनाला भरतात, पण त्यांच्यातल्या माद्या खुडूक बसण्यात कमी पडतात आणि गुण पुढच्या पिढीत तसेच टिकत नाहीत. उबवणी कोंबडीवरच करणाऱ्या घराने याचा विचार करावा.

ग्रामसेवक, सरपंच आणि बचत गटांच्या ताईंनाही एक सांगणं आहे. मोकळी कोंबडी कुंपण मानत नाही. तुम्ही निवडलेला कोंबडा आणि शेजारचा मरतुकडा, दोघेही एकाच उकिरड्यावर असतात. म्हणून हे काम एका घराचं नाही, आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून ठरवायचं आहे. लसीकरणाच्या दिवशी सगळे जमतातच, तेव्हाच कोणते कोंबडे ठेवायचे ते ठरवून टाकावे.

कोंबडा बदलल्यावर लगेच अंडी बसवू नका. जुन्या कोंबड्याचा अंश कोंबडीच्या पोटात दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त टिकतो. जुना काढल्यावर तीन आठवडे थांबा, मग आठवड्याच्या आतली ताजी अंडी ठेवा. सातव्या रात्री अंधारात बॅटरीवर एकेक अंडं धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू धरलंय. दहातली सात-आठ तशी दिसली तर कोंबडा कामाचा आहे. निम्मी कोरी निघाली तर त्याला आखाडापर्यंत थांबवायचंही कारण नाही.