यंत्रं कुणाच्या घरची?

नाशिककरांनी २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेसाठी यंत्राची कळ दाबली. त्याला वर्षही झालं नव्हतं, तोच सप्टेंबर २०२५मध्ये राज्य निवडणूक आयोग सर्वोच्च न्यायालयात सांगत होता, की स्थानिक निवडणुकांना यंत्रं कमी पडतात. हाताशी ६५ हजार आहेत, आणखी ५० हजार लागतील. मग विधानसभेची यंत्रं गेली कुठं? चहाच्या टपरीवर विचारला गेलेला हा प्रश्न अगदी रास्त होता.

ती गेली नव्हती, ती दुसऱ्या घरची होती. आमदार-खासदार निवडायची यंत्रं भारत निवडणूक आयोगाची, केंद्राच्या पैशांतून घेतलेली. नगरसेवक निवडायची जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाची. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४मध्ये, महाराष्ट्रात हा आयोग स्थापन झाला. देशात यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कंपन्या दोनच, बंगळुरूची ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ आणि हैदराबादची ‘ईसीआयएल’. पण म्हणून विधानसभेची यंत्रं, शेजाऱ्याचं भांडं उचलून आणावं तशी, महापालिकेला आणता येत नाहीत.

कारण नाशिकचा मतदार एक मत देतच नाही. महापालिकेच्या १२२ जागा ३१ प्रभागांत वाटलेल्या. त्यांतले २९ प्रभाग चार सदस्यांचे, दोन तिघांचे. म्हणजे बहुतेकांनी चारदा कळ दाबायची. जागा अ पांढरी, ब फिकट गुलाबी, क पिवळी, ड निळी. उमेदवारांची गर्दी आणि प्रत्येक जागेचा ‘नोटा’ धरला, तर एका बॅलेट युनिटवर भागत नाही. राज्यातल्या २९ महापालिकांसाठी सुमारे ४४ हजार कंट्रोल युनिटं लागली आणि बॅलेट युनिटं त्याच्या दुप्पट.

हे सगळं वेळेवर आणून ठेवायचं कुणी? घटनेचं कलम २४३-के म्हणतं, की आयोगानं मागितल्यावर राज्यपालांनी कर्मचारीवर्ग उपलब्ध करून द्यावा. यंत्राचं नावही त्यात नाही. ही तरतूद झाली त्या १९९२ साली मतपेट्यांचाच जमाना होता. कायद्यात शब्द नसला की काय होतं, ते केरळनं पाहिलं आहे. १९८२च्या विधानसभा निवडणुकीत परूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर यंत्रं वापरली आणि १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथलं मतदान रद्द ठरवलं, कारण कायद्यात यंत्राला आधारच नव्हता. २००६च्या किशनसिंग तोमर खटल्यात न्यायालयानं बजावलं, की राज्य सरकारांनी भारत निवडणूक आयोगाला करतात तसंच सहकार्य राज्य आयोगालाही करावं. नाही केलं, तर आयोगानं न्यायालयात यावं. उपाय आहे, पण लांबच्या वाटेचा.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या निवडणूक कायद्यात हा पेच आधीच सोडवून ठेवला आहे. तिथं यंत्रं घेणं काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाचं काम. यंत्रं वापरायचं ठरल्यावर काउंटीनं मुदतीत ती घेतली नाहीत, तर राज्याच्या सचिवानं तिच्या वतीनं करार करायचा आणि बिल तिच्याच माथी मारायचं. मला ही तरतूद आवडते. टाळाटाळीची किंमत टाळणाऱ्यालाच मोजावी लागते.

नाशिकची निवडणूक एकट्या यंत्रांमुळं रखडली, असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादांत ती आधीच अडकली होती. यंत्रांचं कारण शेवटी येऊन बसलं. पण आधीच्या निवडणुकीचा दिवस, २१ फेब्रुवारी २०१७, सगळ्यांना ठाऊक होता आणि मुदत पाच वर्षांची हेही घटनेतच आहे. लग्नाची तारीख पाच वर्षं आधी माहीत असताना मंडपवाल्याला ऐनवेळी फोन करावा, तशी ही गत.

मार्च २०२२पासून महापालिकेच्या राजीव गांधी भवनात प्रशासक होता. अंदाजपत्रक मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीचे निर्णयही नगरसेवकांविनाच होत गेले. अखेर न्यायालयानं ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली आणि यंत्रांच्या उपलब्धतेचं प्रतिज्ञापत्रही मागितलं. नवी यंत्रं मागवली गेली, काही मध्य प्रदेशाच्या आयोगाकडून आणायचं ठरलं. १५ जानेवारी २०२६ला नाशिककर रांगेत उभे राहिले, तेव्हा शेवटच्या मतदानाला जवळपास नऊ वर्षं झाली होती. पहिल्यांदाच महापालिकेसाठी मत देणारी कितीतरी मुलं त्या रांगेत होती. एकच कळ दाबून बाहेर निघणाऱ्यांना केंद्रावरचे कर्मचारी थांबवून सांगत होते, अजून तीन बाकी आहेत.