पाहुणा, किल्ली आणि एक यादी

माटुंग्याला फाइव्ह गार्डन्सजवळ माझ्या आत्याचं वन रूम किचन आहे. काका गेल्यावर ती मुलाकडे राहायला गेली आणि हे घर दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना देऊ लागली. एका शनिवारी दोघांचं बुकिंग आलं. रविवारी दुपारी वॉचमनकडून किल्ली घेऊन तिने दार उघडलं, तर खोलीभर नऊ ग्लास, गादीला सिगारेटने पडलेली तीन भोकं, मोरी तुंबलेली आणि तिच्या आईच्या संसारातला पितळी डबा चेपलेला. रात्री दोन वाजता खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दोनदा दार ठोठावलं होतं. आतून कुणी उघडलंच नाही. गादी आठवड्यात नवी आली. आजोबा आत्याशी पुन्हा बोलायला मात्र दिवाळी उजाडली.

त्यानंतर तिने तीन महिने घराला कुलूप लावलं. त्या तीन महिन्यांत ते घर कुणाला मिळालं नाही, याचा विचार केला पाहिजे. परळचं टाटा मेमोरियल आणि केईएम इथून फार लांब नाहीत. उपचारांसाठी गावाहून येणाऱ्या कुटुंबाला रोजचं हॉटेल परवडत नाही. नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांच्यासारख्या संस्थांनी अशा असंख्य रुग्णांना आसरा दिला. पण गरज त्याहून कितीतरी मोठी आहे. व्हीजेटीआय, रुईया, पोदारमध्ये मुलांच्या प्रवेशासाठी येणारे आईवडील असतात, लग्नकार्याला आलेले नातलग असतात. या सगळ्यांना हवी असते एक स्वच्छ खोली आणि पेज शिजवण्यापुरता ओटा. घराची नासधूस करणारा पाहुणा मालकाचं नुकसान करतोच; पण त्याची सगळ्यात मोठी झळ नंतर येणाऱ्या या माणसांना लागते. ही दारं उघडी राहायची असतील तर कागद चोख हवा, असं मला मनापासून वाटतं.

पाहुणा की भाडेकरू?

घर दुसऱ्याच्या हाती देण्याची मुंबईकराची भीती जुनी आहे. १९४७च्या बॉम्बे रेंट अॅक्टमध्ये १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार चालू होता, ते कायद्याने भाडेकरू ठरले. तेव्हापासून ‘घर रिकामं राहिलं तरी चालेल, पण द्यायचं नाही’ हे घरोघरी मुरलं. पुढे १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४नुसार मुदत संपूनही लायसन्सी हलला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागू शकतो आणि जादा दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. कलम ५५नुसार असा करार लेखी आणि नोंदवलेला हवा. ती जबाबदारी मालकाची.

पण याच कायद्याने लायसन्सीच्या व्याख्येतून पेइंग गेस्टला वगळलं आहे. त्यामुळे चार दिवसांच्या पाहुण्याच्या बाबतीत कलम २४ हाताशी असेल, असं धरून चालता येत नाही. तो कोण म्हणून राहिला, किती दिवसांसाठी आणि कोणत्या अटींवर, हे त्याच्या सहीच्या कागदावर असलं पाहिजे.

माटुंगा-दादर पट्ट्यात आणखी एक मेख आहे, ती पागडीची. पागडीच्या खोलीत राहणारा स्वतः भाडेकरू असतो. घरमालकाच्या संमतीशिवाय त्याने पोटभाडेकरू ठेवला, तर घर खाली करून मागायला कायद्याने मालकाला कारण मिळतं. चार पैशांसाठी खोली अॅपवर टाकताना पिढ्यान्‌पिढ्यांची जागा पणाला लागू शकते.

किल्ली देण्याआधी

सोसायटीतलं घर असेल तर आधी सोसायटीला लेखी कळवावं आणि उपविधी वाचावेत. पोलिसांना राहणाऱ्यांची माहिती देण्याबाबत मुंबई पोलिसांचे आदेश निघत असतात. ते मोडले तर मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन नोंदवावी लागते. प्रत्येक राहणाऱ्याचं ओळखपत्र पाहावं, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नव्हे. किती माणसं राहणार, बाहेरच्यांनी किती वाजेपर्यंत थांबायचं, धूम्रपान चालेल का, हे मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहून सही घ्यावी. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हेही त्यात असावं. अनामत घ्यायची तर अॅपच्या नियमात बसेल तशीच.

घरात कॅमेरा लावण्याचा मोह मात्र टाळावा. एअरबीएनबी या बुकिंग अॅपने ३० एप्रिल २०२४पासून घराच्या आत कॅमेऱ्याला पूर्ण बंदी केली आहे. पाहुण्याच्या खासगीपणावर घाला घालून आपलं घर सुरक्षित होत नाही.

बिनसलंच तर

दार ठोठावूनही धिंगाणा थांबत नसेल तर हमरीतुमरीवर न येता ११२ला फोन करावा. सामान बाहेर फेकणं, वीज तोडणं यात मालकच अडचणीत येतो. पाहुणे गेल्यावर साफसफाईला हात लावण्याआधी फोटो काढावेत, दुरुस्तीची बिलं जपावीत आणि अॅपकडे मुदतीत दावा करावा. एअरबीएनबीकडे ही मुदत पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांची आहे. मुद्दाम केलेली मोडतोड हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४खाली ‘आगळीक’ हा गुन्हा आहे. नुकसान एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या ओरिंडा गावी अशाच भाड्याच्या घरातल्या पार्टीत गोळीबार होऊन पाच जण मेले. पुढे एअरबीएनबीने पार्ट्यांवर जगभर बंदी घातली. न्यूयॉर्क शहरात तीस दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर मालकाला त्याच घरात हजर राहावं लागतं आणि पाहुणे दोनच, या नियमाची कडक अंमलबजावणी सप्टेंबर २०२३पासून सुरू झाली. दोन्हीकडचा धडा एकच: घराकडे कुणाचं तरी लक्ष असलं पाहिजे.

आत्याने कुलूप काढलं ते एक यादी करून. गादी, गॅस, गीझर, मोरीची जाळी, काचा, भांडी. एकेक वस्तू पाहुण्यासमोर दाखवायची, फोनवर फोटो काढायचा आणि खाली दोघांची सही. किल्ली आता वॉचमनकडे नसते, ती स्वतः येऊन देते. खालच्या आजोबांचा फोन नंबर त्यांच्याच परवानगीने कागदावर लिहिलेला असतो. मागच्या महिन्यात बायकोच्या उपचारासाठी जळगावहून एक शिक्षक आले. यादी वाचत वाचत ते मोरीपाशी थांबले आणि म्हणाले, “ताई, ही फरशी आधीच तडकलेली आहे, लिहून घ्या.” आत्याने ते लिहिलं. मग दोघांनी सह्या केल्या आणि तिने त्यांना गॅस कसा पेटवायचा ते दाखवलं.