ट्रॅक्टरचा रबरी बुश कस्टमच्या लेखी ‘ट्रॅक्टरचा’ नसतो! परदेशी सुटे भाग मागवण्याआधी हे वाचा

ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहतो आणि कारण निघते एखादे ऑइल सील, पंख्याचा पट्टा नाहीतर फुटलेला रेडिएटरचा पाईप. रबराची वस्तू छोटी, पण तिच्यावाचून सगळे काम ठप्प. तालुक्याच्या दुकानात अशा मालात आता परदेशी पुडकीही सर्रास दिसतात. काही होतकरू पोरं तर मोबाईलवर परदेशी व्यापाऱ्याशी बोलून थेट माल मागवायचा विचार करतात. भाव स्वस्त दिसतो, पण बंदरात माल आला की पहिला प्रश्न येतो तो भावाचा नाही, कोडचा. तो चुकला तर माल अडकतो आणि नफा भाड्यात-दंडात जातो.

कोड म्हणजे नेमके काय?

दुकानाच्या पक्क्या बिलावर ‘एचएसएन’ लिहून पुढे आकडे असतात. तोच हा कोड. जगभर पहिले सहा आकडे सारखे असतात, आपल्याकडे आयातीसाठी आठ आकडे वापरतात. १९७५ च्या कस्टम टॅरिफ कायद्याला जोडलेल्या तक्त्यात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे. शुल्क किती, परवाना लागतो का, आयएसआय शिक्का हवा का, हे सगळे या आकड्यांवरून ठरते.

गोंधळ कुठे होतो?

गाड्यांच्या सुट्या भागांसाठी ८७०८ हा कोड आहे. त्यात मोटार, ट्रक आणि ट्रॅक्टर तिन्ही येतात. साहजिकच कुणालाही वाटते, ट्रॅक्टरला बसणारी वस्तू म्हणजे ८७०८. पण वाहनांच्या त्याच भागाच्या सुरुवातीला एक टीप आहे. वॉशर, जोडाच्या पट्ट्या आणि व्हल्कनाइज केलेल्या रबराच्या वस्तू गाडीला बसत असल्या तरी त्या ‘गाडीचे भाग’ धरायच्या नाहीत, असे ती सांगते. व्हल्कनाइज म्हणजे गंधक घालून, तापवून पक्के केलेले रबर. पंक्चरच्या दुकानावर ‘व्हल्कनायझिंग’ लिहिलेले असते, तीच प्रक्रिया.

म्हणजे वस्तू कुठे बसते यापेक्षा ती कशाची बनली आहे, हे इथे आधी बघितले जाते. रबराचे प्रकरण ४० वे. नेहमीच्या वस्तूंची जागा साधारण अशी :

– नवे हवेचे टायर : ४०११ (शेतीच्या वाहनांचे आणि यंत्रांचे ४०११७०)
– जुने, वापरलेले किंवा रिट्रेड केलेले टायर : ४०१२
– ट्यूब : ४०१३
– पंख्याचा व इतर व्ही-बेल्ट : ४०१०
– रेडिएटर किंवा हायड्रॉलिकचा रबरी पाईप, टोकाला नट-जोड असला तरी : ४००९
– निव्वळ रबराचे सील, गॅस्केट, वॉशर : ४०१६९३
– रबरी पायमॅट : ४०१६९१
– निव्वळ रबराचे बुश व इतर किरकोळ वस्तू : ४०१६९९
– वेगवेगळ्या मालाच्या गॅस्केटचा एकत्र संच, एकाच पिशवीत : ८४८४

खरा वाद होतो तो रबर आणि लोखंड एकत्र जोडलेल्या वस्तूंवर, उदाहरणार्थ इंजिनचे माउंटिंग किंवा लोखंडी नळीतला बुश. तिथे वस्तूचे मुख्य काम रबर करते की लोखंड, हे बघावे लागते. आयातदार एक म्हणतो, अधिकारी दुसरे म्हणतात. असाच एक वाद मोटारीतल्या मॅटवरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. अबकारी खाते म्हणत होते हा गाडीचा भाग, कंपनी म्हणत होती हा गालिचाचा प्रकार. १ मे २०२० रोजी कोर्टाने कंपनीचे म्हणणे मान्य केले. गाडीसाठीच बनवलेली वस्तूसुद्धा गाडीच्या कोडात जाईलच असे नाही, हे त्यावरून कळते.

पैशात फरक किती?

समजा, वाहतूक आणि विमा धरून बंदरापर्यंत माल पडला १ लाखाला. मूळ कस्टम ड्युटी १० टक्के धरली तर १०,००० रुपये. त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १,०००. आता झालेल्या १,११,००० वर १८ टक्के आयजीएसटी १९,९८०. एकूण कर ३०,९८० रुपये.

तोच माल १५ टक्के ड्युटीच्या कोडात गेला तर ड्युटी १५,०००, अधिभार १,५०० आणि आयजीएसटी २०,९७०. एकूण ३७,४७० रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीची वजावट मिळते, पण ड्युटी आणि अधिभाराची मिळत नाही. म्हणजे लाखामागे ५,५०० रुपये थेट खिशातून. हे दर समजण्यापुरते घेतलेत. प्रत्यक्ष दर अर्थसंकल्पात बदलतात, त्यामुळे माल मागवण्याच्या दिवशीचाच दर बघावा.

टायरचे नियम वेगळे आणि कडक

१२ जून २०२० पासून केंद्राने मोटारी, बस-ट्रक, स्कूटर-मोटारसायकल आणि सायकलच्या नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली. बंदी नाही, पण विदेश व्यापार महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीएफटीचा परवाना लागतो. माल जहाजावर चढवून मग परवान्याला पळणे म्हणजे बैल विकून कासरा शोधणे.

शिवाय २००९ च्या गुणवत्ता आदेशानुसार दुचाकी-तीनचाकी, मोटारी आणि व्यापारी वाहनांच्या टायर-ट्यूबवर आयएसआय शिक्का लागतो. परदेशी कारखान्यालाही त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचा परवाना घ्यावा लागतो. शिक्का नसलेला टायर स्वस्त मिळाला, तरी तो सोडवून घेता येईल या भरवशावर राहू नये.

जुन्या टायरचे काय? ट्रॉलीला, बैलगाडीला ‘फॉरेनचा सेकंडहँड टायर’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर सावध राहावे. २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांनुसार जसेच्या तसे पुन्हा वापरण्यासाठी टाकाऊ टायर बाहेरून आणायला मनाई आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तर टायर तापवून तेल काढण्याच्या, म्हणजे पायरोलिसिसच्या कामासाठीही टाकाऊ टायर आयात करायला बंदी घातली. ज्या गावांच्या शिवारात असे कारखाने आहेत, तिथल्या लोकांनी हा नियम ध्यानात ठेवावा.

माल सोडवायची वाट

१. आधी डीजीएफटीकडून आयईसी क्रमांक काढावा. अर्ज ऑनलाईन होतो, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर क्रमांक बंद पडतो.

२. माल न्हावा-शेवासारख्या बंदरात पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ‘बिल ऑफ एंट्री’ भरायचे असते. कोड आणि शुल्क आयातदाराने स्वतः ठरवून भरायचे. ‘एजंटने लिहिले’ म्हटल्याने जबाबदारी टळत नाही.

३. आसियान देशांतून सवलतीच्या शुल्काने माल आणायचा तर मूळ देशाचा दाखला लागतो. सप्टेंबर २०२० पासून माल तिथेच कसा बनला याची माहितीही आयातदाराने जवळ ठेवायची आहे.

४. कोडबद्दल शंका असेल तर माल मागवण्याआधीच मुंबई किंवा दिल्लीच्या कस्टम आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे विचारता येते. मोठी खेप असेल तर हा खर्च परवडतो.

कोड चुकवून कमी शुल्क भरले गेले, तर दोन वर्षांपर्यंत वसुलीची नोटीस येऊ शकते. मुद्दाम लपवले असे ठरले तर पाच वर्षांपर्यंत. वर व्याज, दंड आणि माल जप्तीची टांगती तलवार. पाच वर्षांत माल विकून पैसा खर्चलेला असतो, नोटीस मात्र नावावर येते.

शेतकऱ्याने दुकानात काय बघावे?

बहुतेकांना आयात करायची नाही, फक्त वस्तू विकत घ्यायची आहे. त्यांच्यासाठी तीन गोष्टी. पहिली, आयात केलेल्या बंद पुडक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत छापलेली असली पाहिजे. नसेल तर तक्रार कुणाकडे करणार? दुसरी, पक्के बिल आणि त्यावरचा कोड. तिसरी, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. ४०११७० कोडाचा ट्रॅक्टरचा टायर घेतला आणि बिलात १८ टक्के लागले असतील, तर तिथल्या तिथे विचारावे. मात्र ट्रॉलीला ट्रकचा टायर घेतला किंवा ट्रॅक्टरला निव्वळ रबराचा बुश घेतला, तर तो वेगळ्या कोडात जातो आणि त्याला ५ टक्क्यांचा दर लागेलच असे नाही. दुकानदार दरवेळी फसवतोच असे नाही, कोडच वेगळा असतो.

मागवणारा असो की विकत घेणारा, पैसे देण्याआधी ‘ही वस्तू कशाची आणि हिचा कोड कोणता’ एवढे विचारून घ्यावे. पेरणीच्या दिवसात अडकलेला माल परवडत नाही आणि अडकलेला पैसाही.