हेडफोनला वेगळा अ‍ॅम्प लागतो का? आधी हिशोब, मग खर्च



ध्वनीवर संशोधन करतोय म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो: "माझा हेडफोन ३०० ओहमचा आहे. फोनवर चालेल, की वेगळा अ‍ॅम्प घेऊ?" यावर नेहमीचं उत्तर म्हणजे "ओहम जास्त, मग अ‍ॅम्प हवाच." हे अर्धंच खरं आहे. अ‍ॅम्पवर काही हजार घालवण्याआधी पाच मिनिटं हिशोब करूया.

खोक्यावरचे दोन आकडे बघा. पहिला इंपीडन्स: हेडफोन विजेच्या प्रवाहाला किती अडवतो, ते ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी: ठरावीक वीज दिली की किती मोठा आवाज निघतो, ते डेसिबलमध्ये. इथेच मेख आहे. काही कंपन्या हा आकडा १ मिलिवॅटला देतात, काही १ व्होल्टला. दोन्ही सारखेच समजून तुलना केलीत की फसलात.

आता उदाहरण. सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा, १ व्होल्टला १०३ डेसिबल. हायफायमॅन एचई-६ हा फक्त ५० ओहमचा, पण १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट. म्हणून ५० ओहमला १ व्होल्ट दिला की २० मिलिवॅट होतात. वीसपट पॉवर म्हणजे १३ डेसिबल जास्त, एकूण ९६.५. म्हणजे तेवढ्याच व्होल्टला कमी ओहमचा हेडफोन साडेसहा डेसिबलने हळू वाजतो, आणि वर सहापट करंट ओढतो!

मग लागतं किती? ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये संथ आलाप आणि जोरकस तान यांत बराच फरक असतो, म्हणून मोठ्यात मोठ्या क्षणांसाठी १०५ डेसिबलची सोय धरू. एचडी ६५० ला त्यासाठी साधारण १.२५ व्होल्ट पुरतात. फोनला लावायचा चांगला छोटा डोंगल १ व्होल्ट देतो, म्हणजे फरक फक्त २ डेसिबलचा. एचई-६ ला मात्र २.७ व्होल्ट आणि ५० मिलिअँपियरच्या वर करंट हवा. तिथे अ‍ॅम्प खरंच लागतो.

तिसरा आकडा अ‍ॅम्पचा असतो: आउटपुट इंपीडन्स. तो हेडफोनच्या ओहमच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा साधा नियम आहे. कारण बऱ्याच हेडफोनचा इंपीडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो, खर्जाकडे वाढतो. समजा तो ३२ चा ६४ झाला. अ‍ॅम्पचा आउटपुट इंपीडन्स २ ओहम असेल तर फरक पाव डेसिबल, कळणारही नाही. पण १२० ओहम असेल (१९९६ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकात हाच आकडा होता) तर खर्ज चार डेसिबलच्या वर फुगतो आणि तबल्याचा डग्गा उगाच घुमायला लागतो. घरातल्या जुन्या रिसीव्हरला नवा हेडफोन लावून "आवाज भरदार झाला" असं वाटतं, त्यामागे कधीकधी हेच असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खारघरहून सीएसएमटी लोकल पकडली की तासभर खडखडाट. गाणं ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो आणि वाटतं, अ‍ॅम्प कमी पडतोय. कमी अ‍ॅम्प पडत नाही, गोंगाट जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ठीक, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८६ ला फक्त १० तास. रोज जाऊन-येऊन दोन तास, सहा दिवस धरले तर १२ होतात. मर्यादा प्रवासातच संपली! इथे ताकदवान अ‍ॅम्प घेणं म्हणजे आगीत तेल. बाहेरचा आवाज रोखणारे, कानात नीट बसणारे इयरफोन घ्या आणि आवाज कमी ठेवा.

थोडक्यात: सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटला आहे की व्होल्टला ते बघा, लागणारे व्होल्ट आणि करंट काढा, अ‍ॅम्प तेवढं तुमच्या ओहमला देतो का आणि त्याचा आउटपुट इंपीडन्स किती ते तपासा. बऱ्याच जणांचं उत्तर "डोंगल पुरे" असंच येईल. अ‍ॅम्प पुढे कधीही बदलता येतो, कान नाही.

तुमच्या हेडफोनचे आकडे कमेंटमध्ये टाका, मिळून हिशोब करू.