‘ताई’ची ‘बाई’ कशी होते? वस्तीतली मदतनीस आणि शिक्षिकेचं ज्ञान

विषयाला हात घालण्याआधी आपण तीन शब्द समोर ठेवू. शाळेत शिकवणारीला आपल्याकडे मुलं ‘बाई’ म्हणतात. बालवाडीत शिकवते ती ‘ताई’. डबा उघडून देणारी, नाक पुसणारी, शूला नेऊन आणणारी ती ‘मावशी’. आणि गंमत बघा, घरी धुणंभांडी करायला येते तीही पुन्हा ‘बाई’च. एकच शब्द एका दारात मानाचा, दुसऱ्या दारात नुसता कामाचा. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे शब्दापाशी थबकायची आम्हाला खोड आहे. तेव्हा प्रश्न असा: वर्गात मदतीला आलेली वस्तीतलीच एखादी मुलगी ‘ताई’ची ‘बाई’ केव्हा होते? तेव्हा तिला नवीन काय कळलेलं असतं? आणि ती ‘बाई’ झाली, हे ठरवतं कोण?

हा प्रश्न फणसवाडीत विचारायला एक कारण आहे. इथून चार पावलांवरच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे त्या जगन्नाथ शंकरशेटांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी १८४८ साली निघाली आणि तिने १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. तिथे सुरुवातीला शिकवलं कोणी? एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी, तेही फुकट. सकाळी शिकवायचं, मग स्वतः शिकायला जायचं. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. हेच दादाभाई ज्या संस्थेत शिकले तिथेच आधी साहाय्यक झाले आणि १८५० च्या दशकात तिथले पहिले भारतीय प्राध्यापक झाले. म्हणजे ‘आधी साहाय्यक, मग गुरुजन’ ही वाट आपल्याकडे जुनी आहे. फक्त ती कोणासाठी मोकळी होती, हे विसरू नका. एल्फिन्स्टनच्या तरुणाला कोणी ‘मदतनीस’ म्हणून अडवून ठेवलं नाही, कारण पुढची पायरी त्याच्यासाठी बांधलेली होती.

आता दीडशे वर्षं पुढे येऊ. १९९० च्या दशकात मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था सुरू झाली. महानगरपालिकेच्या शाळांत तिने ‘बालसखी’ नावाची योजना चालवली. बालसखी म्हणजे बहुधा वस्तीतलीच, शालेय शिक्षण पुरं केलेली तरुण मुलगी. तिला वर्षाच्या सुरुवातीला साधारण दोन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळे. तिसरी-चौथीतली जी मुलं वाचन-गणितात मागे पडली असतील त्यांतली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची. मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये.

या योजनेची मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ या काळात शास्त्रशुद्ध चाचणी झाली. करणाऱ्या चार अर्थशास्त्रज्ञांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ साली नोबेल मिळालं. निष्कर्ष स्पष्ट होता. मुलांचे गुण वाढले; पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतके. शिक्षणातल्या प्रयोगांत ही वाढ चांगली मोठी समजतात. आणखी एक बारकावा फार बोलका आहे. मागची मुलं बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला होता, तरी वर्गात उरलेल्या मुलांना त्याचा लक्षणीय फायदा दिसला नाही. जी मुलं बालसखीपाशी बसली, ती पुढे सरकली. म्हणजे मोजून सांगायचं तर ती मुलगी शिकवत होती. नुसती सांभाळत नव्हती.

इथपर्यंत सगळं छान आहे. पण त्याच अभ्यासात एक निरीक्षण आहे, ते आम्हाला स्वस्थ बसू देत नाही. बालसख्या सरासरी वर्षभरच टिकत; लग्न ठरलं किंवा दुसरी नोकरी लागली की जात. अभ्यासकांनी याचा अर्थ लावला तो असा, की योजना मूठभर ध्येयवेड्या व्यक्तींवर अवलंबून नाही, म्हणजे ती मोठ्या प्रमाणावर राबवता येईल. योजनेच्या बाजूने हा तर्क बिनचूक आहे. पण तेच वाक्य जरा त्या मुलीच्या बाजूने वाचा. तू गेलीस तरी चालेल, तुझ्या जागी दुसरी येईल, आणि हेच आमच्या योजनेचं बळ आहे! तिने वर्षभरात जे कमावलं ते कुठे साठलं? मुलांच्या गुणांत थोडं साठलं. तिच्या स्वतःच्या आयुष्यात साठायला जागाच नव्हती, कारण वर्षाच्या शेवटी पुढची पायरी नव्हती.

आता आमच्या विषयाकडे येऊ. तिने कमावलं ते ‘ज्ञान’ म्हणायचं का? गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ग्रंथात एक भेद केला. एखादी गोष्ट ‘अमुक आहे हे माहीत असणं’ वेगळं आणि ती ‘करता येणं’ वेगळं. पोहण्यावर पुस्तक लिहिणारा बुडू शकतो. करता येणं हे दुय्यम ज्ञान नाही, असं राइलचं म्हणणं. पण एवढ्यावर थांबलो तर आपण मदतनिसाची नुसती स्तुती करून मोकळे होऊ, आणि स्तुती फार स्वस्त असते.

म्हणून एक उदाहरण घेऊ. मुलगा ४७ आणि ३८ ची बेरीज करतो आणि उत्तर लिहितो ७१५. सात नि आठ पंधरा, चार नि तीन सात. वस्तीतल्या ताईला ठाऊक असतं, की हाच मुलगा संध्याकाळी बापाच्या भाजीच्या गाडीवर पन्नासाच्या नोटेतून सुट्टे पैसे बरोबर परत देतो. म्हणजे तो ‘ढ’ नाही. त्याला बेरीज येते, कागदावरची येत नाही. हे ज्ञान बाहेरून आलेल्या शिक्षकाकडे सहसा नसतं आणि ते पदविकेने मिळत नाही. पण पुढे काय? ताई सांगते, ‘‘अरे, हातचा एक घे.’’ तो घेतो, उत्तर ८५ येतं. उद्या तीन आकडी बेरीज आली की पुन्हा घोटाळा. कारण हातचा ‘एक’ म्हणजे खरं तर एक दशक, दहा काड्यांचा एक गठ्ठा, हे त्याला कोणी दाखवलंच नाही. ताईला मूल कळलं होतं. हातचा म्हणजे काय हे तिलाही कोणी उलगडून दाखवलेलं नव्हतं. ज्या दिवशी ती गाडीवरचे सुट्टे पैसे आणि वहीतला हातचा यांना जोडून दाखवते, त्या दिवशी आमच्या लेखी ती शिक्षिका झाली.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त दोन नाट्याचार्यांचं भांडण आहे. श्रेष्ठ कोण? तिथे परिव्राजिका निवाड्याचं तत्त्व सांगते: कोणाच्या अंगी विद्या असते, कोणाला ती दुसऱ्यात उतरवता येते, ज्याच्यापाशी दोन्ही आहे तो शिक्षकांत पहिला. आमची पुस्ती एवढीच, की ज्याला उतरवायचं त्याचं घर, त्याची भाषा, त्याची भूकही कळावी लागते. मदतनीस या तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करते, पदवीधर पहिल्यापासून. दोघांनाही चालत यायचंच असतं. मात्र पदवीधराच्या वाटेवर गाडी आहे आणि मदतनिसाच्या वाटेवर खड्डे.

हे खड्डे बुजवायचे कसे? पहिली गोष्ट, कोणाच्या तरी शेजारी उभं राहून काम शिकणं आणि मग ते अंगावर घेणं. अनुताई वाघ आठवा. जन्म १९१०, लहानपणीच लग्न आणि लगेच वैधव्य. शिकल्या, शिक्षिका झाल्या, रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. अशा मुरलेल्या शिक्षिकेने १९४५ मध्ये ताराबाई मोडकांच्या हाताखाली बोर्डीत नव्याने सुरुवात केली. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. त्यातून ‘अंगणवाडी’ उभी राहिली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. पुढे कोसबाडचं काम ताराबाईंनी अनुताईंवर सोपवलं. ते १९७३ साली ताराबाई गेल्यानंतरही थांबलं नाही. ताराबाईंनी त्यांना नुसतं राबवून घेतलं नाही, काम त्यांच्या हाती दिलं.

दुसरी गोष्ट, कमावता कमावता शिकण्याची सोय. शिक्षण हक्क कायदा आल्यावर २०१० पासून प्राथमिक शिक्षकाला बारावी, दोन वर्षांची पदविका आणि पात्रता परीक्षा हवी. या अटींना आमचा विरोध नाही. गरिबांच्या मुलांना अर्धवट तयारीचा शिक्षक चालेल असं म्हणणं हा अन्यायच. पण दोन वर्षं पगार सोडून कॉलेजात बसणं मदतनिसाला परवडत नाही. आणि हे सोडवता येत नाही असंही नाही. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, सेवेतल्या अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत मिळाली, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने त्यांच्यासाठी दूरस्थ पदविका चालवली. ज्यांना आधीच ‘शिक्षक’ म्हटलं होतं त्यांच्यासाठी दार उघडलं. ‘मदतनीस’ म्हटलेल्यांसाठीही तसं उघडता येईल.

तिसरी गोष्ट, ओळख आणि पगार. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशी दोन पदं आहेत. २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं काम केलेल्या पात्र मदतनिसांमधून भरायचं ठरलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निर्णय दिला. ज्यांचं मानधन ‘सेवा’ म्हणून कमी ठेवलं होतं, त्यांचं काम हे काम आहे, असा त्याचा अर्थ.

बाहेरच्या जगातही हे झालंय. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या शाळांत त्याच वस्तीतल्या अनेक आया मदतनीस म्हणून लागल्या, बऱ्याचशा कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन. त्या शिक्षकांच्या संघटनेत आल्या आणि १९७० च्या करारात त्यांनी पगारवाढीबरोबर कॉलेजात शिकायची सोयही मिळवली. त्यातल्या कित्येक जणी पुढे शिक्षिका झाल्या.

आता कोणी म्हणेल, ‘‘सर, वस्तीतलं माणूस म्हणजे चांगलंच असं कुठंय?’’ नाहीच. वस्तीची माया तिच्यात असते तशी वस्तीची तेढही असू शकते. कोणाच्या हातचं पाणी, कोणाचं पोर पुढे बसवायचं, हे ती घरूनच शिकून आलेली असते. अनुताई तर पाड्यावरच्या नव्हत्याच. जवळीक ही सुरुवात आहे. तीही तपासून, घासूनपुसून घ्यावी लागते, आणि शिक्षण त्यासाठीच.

शिवाय ‘आपली वस्ती’ म्हणजे तरी काय? गिरगावातल्या चाळी उतरतायत, टॉवर उभे राहतायत. कितीतरी घरं डोंबिवलीला, विरारला गेली. इथे वाढलेली मुलगी आज लोकलने इथे शिकवायला येत असेल, आणि तिच्यासमोर बसलेलं मूल कुठल्या तिसऱ्याच मुलखातून आलेलं असेल. मग ‘आपलं’ हे नातं जन्माने आयतं मिळत नाही. रोज हजेरी घेताना ते नव्याने जोडावं लागतं.

आपल्यापैकी बरेच जण मंडळांत, शाळांच्या समित्यांत आहात. तुमच्याकडे बालवाडी असेल, अभ्यासिका असेल, तर तिथल्या मदतनिसाबद्दल तीन गोष्टी विचारा. आठवड्यातून एक तरी धडा तिचा स्वतःचा असतो का, आणि तो बघून तिच्याशी कोणी बोलतं का? तिच्या पदविकेची फी आणि परीक्षेची रजा कोण देतं? आणि पाच वर्षांनी ती कुठे असेल, हे तुमच्या कागदावर कुठे लिहिलंय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी कोरं असतं. ते या जूनच्या आत लिहून काढा, मानधनाच्या आकड्यासकट, आणि तिला वाचून दाखवा.

आता प्रश्न घेऊ.