कुलूप अडले म्हणून दार काढू नये

तिजोरीचे कुलूप अडले, तर शहाणा व्यापारी तिचे दार उखडीत नाही. किल्ली चुकली की कुलूप बिघडले, हे तो आधी पाहतो. हल्ली आपल्यापैकी पुष्कळांच्या पेढीचा हिशेब, मालाच्या मागण्या व ग्राहकांची नावनिशी सर्व्हरवर असते. तेथे लॉगिन अडले की मात्र हा विवेक सुटतो. काम खोळंबू नये म्हणून मालकाचा पासवर्ड चार जणांस दिला जातो, किंवा सुरक्षेची तपासणीच बंद केली जाते. त्या घटकेची अडचण टळते, पण धोका कायमचा घरात येतो. यास्तव तपासाचा क्रम प्रत्येक पेढीस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम सर्व्हरचे उत्तर नीट वाचावे. त्यात एक आकडा असतो. ४०१ म्हणजे ‘आपण कोण हे पटले नाही’. ४०३ म्हणजे बहुधा ‘ओळख पटली, परंतु येथे येण्याची परवानगी नाही’. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार प्रयत्न झाले, आणि ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड आहे. ओळख निराळी व अधिकार निराळा. मुनिमास दुकानात प्रवेश असला म्हणून तिजोरी उघडण्याचा हक्क असतोच असे नाही. म्हणून ४०३ किंवा ५०० आले असता पासवर्ड बदलीत बसणे व्यर्थ होय. काही संकेतस्थळे आकडा न दाखविता नुसता मजकूर दाखवितात. अशा वेळी व्यवस्थापकाने सर्व्हरच्या नोंदी पाहाव्यात.

दुसरी गोष्ट घड्याळाची. मोबाइलमधील अॅप जो सहा आकडी संकेत दाखविते, तो सामान्यतः दर ३० सेकंदांनी बदलतो व वेळेवरूनच काढलेला असतो. मोबाइलचे किंवा सर्व्हरचे घड्याळ काही मिनिटे मागेपुढे झाले, की खरा संकेतही खोटा ठरतो. येथे उपाय एकच : घड्याळ दुरुस्त करणे.

तिसरी गोष्ट प्रमाणपत्राची. आपण खऱ्याच सर्व्हरशी बोलत आहो याची ग्वाही ते देते. हुंडीप्रमाणे त्यासही मुदत असते. ब्राउझर करणारे व प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था यांच्या मंडळाने २०२५ साली ठरविले की, नव्या प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० दिवस व २०२९ पासून अवघे ४७ दिवस असावी. तेव्हा नूतनीकरण माणसाच्या आठवणीवर न सोडता यंत्राकडे सोपवावे. मुदत सरल्यावर ब्राउझर इशारा देतो. तो डावलून पासवर्ड लिहिण्याची सवय लागली, की खरा सर्व्हर व भामट्याचा सर्व्हर यांतील भेद ओळखण्याचे साधनच हातचे जाते.

चौथी गोष्ट विसरलेल्या पासवर्डची. चांगली व्यवस्था जुना पासवर्ड सांगू शकत नाही, कारण तिच्याजवळ तो नसतोच. त्यापासून गणिताने काढलेला, उलट न फिरणारा ठसा तेवढा असतो. म्हणून ती नवा पासवर्ड करण्यास सांगते. एखाद्या संकेतस्थळाने जुनाच पासवर्ड परत पाठविला, तर तेथे सर्वांचे पासवर्ड परत वाचता येतील असे ठेवले आहेत, हे ओळखावे. तसेच ‘नाव चुकले’ किंवा ‘पासवर्ड चुकला’ असे वेगवेगळे न सांगता ‘दोहोंपैकी काही चुकले’ एवढेच सांगणे हा दोष नव्हे. अन्यथा कोणती नावे खरी आहेत, हे चोरास फुकट कळते.

शेवटी नोंदी. एकाच अनोळखी ठिकाणाहून शेकडो चुकीचे प्रयत्न दिसले, तर तो बिघाड नसून हल्ला आहे असे समजून प्रयत्नांवर मर्यादा घालावी. परंतु नोंदींचा उपयोग प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असेल तेव्हाच. सर्वांनी एकच पासवर्ड वापरला, तर ‘कोणीतरी रक्कम नेली’ एवढेच लिहिलेल्या रोजमेळासारखी त्यांची गत होते.

दुरुस्तीसाठी एखादी तपासणी थोडा वेळ सैल करावीच लागली, तर कोणी, केव्हा व कशासाठी केली हे लिहून ठेवावे आणि त्याच दिवशी ती पूर्ववत करावी. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली माहिती ही आपल्याकडील ठेव आहे. एक तास दुकान बंद राहिल्याचे नुकसान भरून निघते, ठेव गेल्याचे निघत नाही.