गोळीचं वजन की लांबी? ट्विस्ट रेट आणि चुकीचा व्हेरिएबल

रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी तोल सांभाळते. खाच किती इंचांत एक पूर्ण फेरा घेते, तो ट्विस्ट रेट. १:१२ म्हणजे बारा इंचांत एक फेरा, १:७ म्हणजे सातच इंचांत. आकडा लहान तितका पीळ जास्त. इथे पहिल्यांदा सगळेच गोंधळतात, मीही गोंधळलो होतो.

आता प्रश्न असा, की कोणत्या गोळीला किती पीळ? बहुतेक तक्ते वजनावर मांडलेले असतात. ५५ ग्रेनला इतका, ६२ ग्रेनला इतका. (एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम.) तक्ता बघून तुम्ही म्हणाल, वजन वाढलं की पीळ वाढवायचा. थांबा.

५.५६ मिमीच्या ५५ ग्रेन गोळीसाठी १:१२ चालतो. ७.६२ मिमीच्या १६८ ग्रेन गोळीलाही १:१२ चालतो. वजन तिप्पट, पीळ तोच! म्हणजे वजन हे खरं कारण नाहीच.

खरं कारण लांबी. हवेचा दाब गोळीच्या वस्तुमानकेंद्राच्या पुढे, नाकाच्या बाजूला काम करतो आणि तिला उलथवू पाहतो. जाडीच्या मानाने गोळी जितकी लांबट, तितकं ते सोपं, आणि तितकं जास्त फिरवावं लागतं. वुलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या अल्फ्रेड ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी सूत्र दिलं. आज वापरतात ते त्याचं सोपं रूप: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी, सगळं इंचांत. वेग सेकंदाला २८०० फुटांपेक्षा जास्त असेल तर १५० ऐवजी १८०. गोळीची घनता शिशाच्या जवळपास धरलेली आहे.

करून बघा. व्यास ०.२२४, लांबी ०.७५ (५५ ग्रेन): उत्तर १२. व्यास ०.३०८, लांबी १.२१, वेग कमी म्हणून १५०: उत्तर ११.८. जमलं.

आता मला सगळ्यात आवडणारी केस. अमेरिकी सैन्याच्या ५.५६ मधली एम८५५ गोळी ६२ ग्रेनची, लांबी सुमारे ०.९ इंच. तिला नऊ-दहा इंचांचा पीळ पुरतो. तिची जोडीदार एम८५६ ही ट्रेसर, म्हणजे मागे जळती रेघ सोडणारी. वजन जवळपास तेवढंच, सुमारे ६४ ग्रेन. पण जळणारा मसाला शिशापेक्षा हलका, म्हणून तेवढ्याच वजनासाठी गोळी लांब झाली, १.१ इंचाच्या वर. सूत्र आठच्या आत उत्तर देतं. एम१६ए२ ला १:७ पीळ आला तो मुख्यतः या ट्रेसरसाठी. वजनाचा तक्ता घेऊन बसलेल्याला हे कधीच कळलं नसतं.

हे मी का सांगतोय? कारण पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी अशाच एका बदली व्हेरिएबलवर दोन महिने घालवले. ग्राफ छान येत होता, कारण माझे सगळे नमुने एकाच साच्यातले होते, आणि एका साच्यात वजन वाढलं की लांबीही वाढते. मॅडमनी ग्राफ बघून एवढंच विचारलं, "साचा बदललास तर?" बदलला. सगळे बिंदू विखुरले.

आणि सूत्रात न दिसणारी गोष्टही असते. ग्रीनहिलच्या सोप्या सूत्रात हवा कुठे आहे? नाही. पहिल्या एआर-१५ रायफलींना १:१४ पीळ होता. नेहमीच्या हवेत काम भागलं, पण कडाक्याच्या थंडीत दाट हवेत गोळ्या डगमगू लागल्या आणि पीळ १:१२ केला गेला. हिशेब तुम्हीच करा: १५ अंशांवरून उणे ५४ अंश सेल्सियसला गेलं, की त्याच दाबाला हवा सुमारे ३१ टक्के दाट होते आणि स्थैर्य त्याच प्रमाणात भागलं जातं. स्थैर्य पिळाच्या वर्गावर चालतं, म्हणून १४ भागिले १२ चा वर्ग, १.३६. नुकसान भरून निघालं, वर थोडंसंच उरलं.

मग सरसकट १:७ च का नाही? गोळीत जरा जरी असमतोल असेल तर जास्त फिरकी तो वाढवते, आणि पातळ कवचाची हलकी गोळी अतिवेगात फुटूही शकते. १:१२ मधून सेकंदाला ९९० मीटरने सुटलेली गोळी आधीच मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेत असते.

पुढच्या वेळी एखादा तक्ता हाती आला, की त्यातला डावा कॉलम कोणाच्या जागी बसलाय ते आधी विचारा. माझ्या त्या विखुरलेल्या बिंदूंचं पुढे काय झालं, ते पुढच्या पोस्टमध्ये.